कर्करोगाच्या वेदना: रुग्णाने स्वतः काय शिकावे?

प्रश्न: वडिलांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, परंतु सवय लागेल या भीतीने, दुखणे अगदी असह्य होईपर्यंत ते गोळी घेत नाहीत. त्यांची समजूत कशी घालावी?

उत्तर १: जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली मांडलेल्या पद्धतीतच औषध घड्याळाप्रमाणे द्यावे असे सांगितले आहे, कारण एकदा भडकलेली वेदना आटोक्यात आणणे अवघड जाते. शरीर औषधाला सरावणे म्हणजे व्यसन नव्हे, हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. अशा बाबतीत घरच्यांचे कोण ऐकतो!

उत्तर २: वेळ, 0 ते 10 पैकी वेदनेचा आकडा (0 म्हणजे दुखणे नाही, 10 म्हणजे अगदी असह्य), घेतलेली गोळी आणि तासाभरानंतरचा आकडा, एवढे त्यांनाच वहीत लिहू द्या. ‘खूप दुखते’ यापेक्षा ‘पहाटे चारला 7, गोळीनंतर 3’ ही नोंद मात्रा ठरवताना अधिक उपयोगी पडते. मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठी जादा मात्रा कधी घ्यायची, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या.

उत्तर ३: मॉर्फिनमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठतेबद्दल संकोचाने कोणी बोलत नाही. गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरतात, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. म्हणून रेचक सुरुवातीपासूनच डॉक्टरांना विचारून घ्यावे. शिवाय दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी कुटून किंवा चावून घेऊ नये, कारण तसे केल्यास सारे औषध एकदम अंगात उतरते आणि ते जिवावर बेतू शकते.