मालदीवने रुफियाचा डॉलरशी बांधलेला दर सोडावा का?

दीपस्तंभ:
एप्रिल २०११ मध्ये मालदीवच्या चलन प्राधिकरणाने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, एका डॉलरला १२.८५ रुफिया हा मध्य धरून वर-खाली वीस टक्क्यांची मुभा दिली. दर लगेच १५.४२ या कमाल मर्यादेला जाऊन टेकला आणि तेव्हापासून कागदोपत्री तिथेच आहे. प्रत्यक्षात या दराने डॉलर मोजक्यांनाच मिळतो. भारतात उपचारासाठी किंवा शिक्षणासाठी येणाऱ्या सामान्य कुटुंबाला बँक ठरावीक रक्कमच देते. उरलेले डॉलर मालेच्या काळ्या बाजारातून बरेच जास्त रुफिया मोजून घ्यावे लागतात. म्हणजे अधिकृत दर हे, तो ज्यांच्या पदरात पडतो त्यांना दिलेले अनुदानच झाले. माझ्या मते तो टप्प्याटप्प्याने सैल करावा.

जमाखर्च:
असहमत. अवमूल्यनाचा लाभ व्हायचा तर स्वस्त झाल्यावर जास्त खपेल असे काहीतरी देशाकडे असावे लागते. रिसॉर्टच्या खोलीचे भाडे मुळातच डॉलरमध्ये ठरते, त्यामुळे रुफिया घसरला म्हणून ती खोली जर्मन पर्यटकाला स्वस्त पडणार नाही. याउलट तांदूळ, औषधे, सिमेंट आणि ज्यावर बहुतेक वीज तयार होते ते डिझेल, हे सारे बाहेरून येते. २०११ च्या त्या निर्णयानंतर काही आठवड्यांतच मालेत लोक महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. शिवाय परकीय कर्ज डॉलरमध्ये असल्याने त्याचा रुफियातील बोजाही वाढेल. खरा रोग आहे तो सरकारी तुटीचा आणि ती भागवण्यासाठी छापलेल्या पैशाचा.

दीपस्तंभ:
महागाई यायची राहिली आहे असे आपण गृहीत धरता. अनुदानित तांदूळ, पीठ आणि साखर वगळली, तर काळ्या बाजारातून डॉलर घेणारा दुकानदार आपल्या मालाची किंमत त्याच चढ्या दराने लावतो. दुसरे असे की पर्यटन म्हणजे सारा मालदीव नव्हे. निर्यात होणाऱ्या ट्यूनाचे डॉलर येतात, पण मासेमाराच्या हाती रुफियाच पडतात. तो हिशेब अधिकृत दराने झाला की त्याच्या कष्टाचा काही भाग निमूटपणे आयातदाराकडे जातो.

प्रवाळ:
आपण दोघेही दरावर भांडत आहात. डॉलर मुक्कामाला कुठे जातात ते कुणीच विचारत नाही. लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास आणि २०२४ मध्ये पर्यटक वीस लाखांहून अधिक, तरीही टंचाई! (एकेकाळी याच बेटांवरच्या कवड्या बंगालच्या बाजारात चलन म्हणून चालत, हे आठवले की या टंचाईचे अधिकच नवल वाटते.) रिसॉर्टांची बरीच कमाई देशातील बँकांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ च्या नियमाने मोठ्या रिसॉर्टांना दर पर्यटकामागे ५०० डॉलर आणि लहान गेस्टहाउसना २५ डॉलर स्थानिक बँकेत बदलून घेणे बंधनकारक केले. दर सैल केला तर मालक आपणहून डॉलर आणतील, ही मला भाबडी आशा वाटते.

दीपस्तंभ:
सक्तीने आणलेले डॉलर १५.४२ नेच बदलून द्यायचे असतील, तर मालक ते टाळण्याच्या वाटा शोधणारच. मॉरिशसने १९९४ मध्ये आपला रुपया बाजारावर सोडला आणि ते बेट बुडाले नाही.

जमाखर्च:
मॉरिशसकडे तेव्हा साखर होती, कापडगिरण्या होत्या. मालदीवकडे त्या तोडीचे दुसरे काय आहे? ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने चलन-अदलाबदलीतून ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांपर्यंतची सोय दिली. ती उसनवारी आहे, कमाई नव्हे. असा परकीय चलनाच्या गंगाजळीचा तळ दिसत असताना दर सोडला तर तो कुठे थांबेल, हे कुणाच्याच हाती राहणार नाही. सरकारने आधी प्राधिकरणाकडून पैसे उचलणे थांबवावे, मग दराला वर-खाली होण्याची मुभा वाढवण्याची गोष्ट काढावी.

दीपस्तंभ:
हा क्रम कागदावर निर्दोष आहे. पण डॉलर १५.४२ लाच मिळतो असे दाखवता येते, तोवर छापलेल्या पैशाची झळ सरकारच्या हिशेबात दिसत नाही, ती काळ्या बाजारात रांग लावणाऱ्याला बसते. मग तूट आवरण्याची घाई सरकारला का व्हावी?