मदत हवी आहे: प्रेस शॉपमधली सूचना प्रत्येकाला समजली, याची खात्री कशी करायची?

चाकणच्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागाची, पाळी सांभाळते. मराठवाडा, बिहार, झारखंड, ओडिशा अशी सगळीकडची मुलं आहेत. बहुतेक कंत्राटी, त्यामुळे चेहरे सतत बदलतात.

अडचण यंत्रातला डाय (साचा) बदलतानाची आहे. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे यंत्राचं जड चाक, फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्यावर, कुणी यंत्र चालू करू नये म्हणून कुलूप-टॅग लावून, रॅमखाली (वरून दाबणाऱ्या भागाखाली) आधाराचा सेफ्टी ब्लॉक ठेवूनच आत हात घालायचा. मी हे हिंदीत सांगते, सगळे माना डोलावतात, पण संथाली बोलणारी काही मुलं एखादा टप्पा गाळतात. हा निष्काळजीपणा नाही, त्यांना ते समजलेलंच नसतं. बाकीचे हसतात म्हणून विचारायला बिचकतात. (हसणाऱ्यांना समज दिली आहे.)

हिंदी फलक लावला, पण सगळ्यांना वाचता येत नाही. चित्रांच्या तक्त्याने क्रम कळतो, किती वेळ थांबायचं ते नाही. एका जुन्या कामगाराला दुभाषा केलं. तो प्रत्येक पाळीत नसतो, आणि हळूहळू त्या मुलांचा मुकादमच होऊ लागलाय. ते मला योग्य वाटत नाही.

पाळीच्या सुरुवातीला दहाच मिनिटं मिळतात. फ्लोअरवर मोबाइलला बंदी आहे. भाषेनुसार गट पाडायचे नाहीत.

प्रत्येकाकडून प्रात्यक्षिक करून घ्यायचा विचार आहे. एवढ्या वेळात, चारचौघांत कुणाला न लाजवता हे कुणी जमवलंय का? आणि संथालीतलं सुरक्षा प्रशिक्षणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत कुठे मिळेल?