मदत हवी आहे: कम्युटेशन फेल्युअर मुलांना प्रत्यक्ष कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला शिकवतो. मागच्या महिन्यात मुलांना घेऊन चंद्रपूर-पडघे एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसीची) लाइनच्या टॉवरखाली उभा होतो. ±500 केव्ही, 1500 मेगावॅट, साधारण 750 किलोमीटर. तीन फेजची सवय झालेली पोरं वर बघून म्हणाली, "सर, तिसरी वायर कुठंय?" डीसीचे दोनच पोल, धन आणि ऋण: डावीकडे एक, उजवीकडे एक, बस्स! तिथपासून त्यांचे प्रश्न थांबलेले नाहीत, आणि मला ते थांबवायचेही नाहीत.

अडलंय ते इन्व्हर्टरच्या टोकाला, म्हणजे जिथे डीसीचं परत एसी होतं तिथे. तिथला थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) आपणहून बंद होत नाही, ग्रिडचा एसी व्होल्टेज त्याला बंद करतो. तिकडे फॉल्ट होऊन व्होल्टेज पडला की बंद व्हायला वेळच पुरत नाही आणि डीसी बाजू शॉर्ट होते; हेच कम्युटेशन फेल्युअर. फळ्यावर हे पटतं, पण डोळ्यांनी दिसत नाही.

लॅबमध्ये तीन फेजचा थायरिस्टर ब्रिज आणि डीसी जनरेटर आहे. व्होल्टेज कमी करून इन्व्हर्टर मोडमध्ये चालवलं. फायरिंग अँगल (थायरिस्टर एसीच्या लाटेत किती उशिरा चालू करायचा तो कोन) 150 अंशांपुढे नेला की ऑसिलोस्कोपवर काही धरायच्या आत फ्यूज जातो.

करंट आवरायला मालिकेत चोक (इंडक्टर कॉइल) किती हेन्रीचा घ्यावा? सोबत रेझिस्टर लावला तर मूळ परिणामच झाकला जाईल का? कुणी हा प्रयोग सुरक्षितपणे केला असेल तर जोडणी सांगा. सिम्युलेशन येतं मला, पण पोरांना खरा वेव्हफॉर्म दाखवायचाय.