१९७२ ची शेव्हरोले सी१०: ॲव्हरेज वाढवायला ५.३ चं इंजिन टाकू का?

सी१०वाला_डॅलस

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९७२ ची शेव्हरोले सी१० पिकअप आहे, लाँग बेड. इंजिन ओरिजिनल ३५०, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही८, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तीन गिअरचा, मागच्या ॲक्सलचा रेशो ३.७३ (चाक एकदा फिरायला शाफ्टचे ३.७३ फेरे), टायर २८ इंची. कार्ब (कार्ब्युरेटर) क्वाड्राजेट चार बॅरलचा आणि इग्निशन अजून जुन्या, झिजणाऱ्या पॉइंटवरच आहे. हौस म्हणून घेतली होती पण आता रोज ऑफिसला तीच नेतो, वर्षाला साधारण ८,००० मैल होतात आणि गॅलनला ११ मैल देते, आपल्या हिशेबात लिटरला पावणेपाच किलोमीटरच्याही आत.

इथला एक गॅरेजवाला म्हणतो की शेव्हरोलेच्याच नंतरच्या सिल्व्हराडो पिकअपमधून काढलेलं ५.३ लिटरचं व्होर्टेक इंजिन आणि त्याच्यासोबतचा चार गिअरचा ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकू, १७ चं ॲव्हरेज आरामात मिळेल, खर्च ९,००० डॉलर. मला ही गाडी विकायची नाही, पुढे मुलीला द्यायची आहे, त्यामुळे पैसे घालायला मी तयार आहे पण ते योग्य ठिकाणी जावेत असं वाटतं. कुणी हे केलंय का? फरक खरंच इंजिनाने पडतो का?

जुनं_लोखंड (मिशिगन)

गाडी सुंदर घेतलीत, ६७ ते ७२ च्या सी१० सारखी देखणी पिकअप नंतर झाली नाही असं माझं ठाम मत आहे. आता मुद्द्याचं.

तुमचं पेट्रोल इंजिनाच्या साइझमुळे जातंय असं धरून चाललात तर ९,००० डॉलर चुकीच्या जागी जातील. ५.७ आणि ५.३ मध्ये असा कितीसा फरक आहे? फरक पडतो तो चौथ्या गिअरने, आणि कार्बच्या जागी कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो त्याने. हिशेब करून बघा, मैलाचा स्पीड गुणिले रेशो गुणिले ३३६ भागिले टायरची उंची. ६५ ला ३.७३ आणि २८ इंची टायर म्हणजे सुमारे २,९०० आरपीएम. टर्बो ३५० चा टॉप गिअर एकास एक आहे आणि त्याच्या कन्व्हर्टरला (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडणारा भाग) लॉकअप, म्हणजे दोन्ही थेट जखडायची सोय नाही, त्यामुळे थोडं स्लिप धरून इंजिन ३,००० च्या वरच फिरतंय. चौथा गिअर ०.७० चा आला की हेच २,९०० चे २,०४० होतात, त्यात लॉकअप लागला की स्लिपही शून्य. एवढ्या कामासाठी इंजिन बदलायची गरज नाही, चार गिअरचा ७००आर४ गिअरबॉक्स तुमच्या आत्ताच्या ३५० ला थेट बसतो. टर्बो ३५० पेक्षा साधारण ३ इंच लांब असतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागतो आणि मागचा माउंट सरकवावा लागतो. आणि पहिला गिअर २.५२ चा ३.०६ होतो म्हणून सिग्नलवरून उठायलाही गाडी हलकी वाटते. फक्त १९८७ नंतरचा बघा, सुरुवातीच्या वर्षांचे कमजोर होते.

दुसरं म्हणजे मैलात विचार करू नका, गॅलनमध्ये करा. ८,००० मैलाला ११ ने ७२७ गॅलन लागतात. ओव्हरड्राइव्ह (म्हणजे तो चौथा गिअर) आणि ट्यूनिंग करून १४ आले असं धरू, ५७१ गॅलन, म्हणजे १५६ वाचले. पुढे ५.३ टाकून १७ झाले तर ४७१, म्हणजे वरचे फक्त १००. दोन्ही वेळा ३ मैलच वाढले पण पहिल्या तिनात जास्त पेट्रोल वाचलं आणि ते स्वस्तातही पडतं. ३ डॉलरचा भाव धरला तर पूर्ण स्वॅपने, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स दोन्ही बदलून, वर्षाला ७७० च्या आसपास वाचतील, ९,००० वसूल व्हायला जवळपास १२ वर्षं. पेट्रोलसाठी म्हणून हा स्वॅप परवडत नाही. थंडीत अर्ध्या सेल्फला चालू होणारी, लांब नेताना धाकधूक न लावणारी गाडी हवी असेल तर जरूर करा, ते कारण अगदी रास्त आहे.

पण त्याच्याही आधी एक. ठीकठाक ३५० ने १३-१४ द्यायला पाहिजेत, ११ म्हणजे काहीतरी बिघडलंय. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्युम ॲडव्हान्स (इंजिनाच्या व्हॅक्युमवर ठिणगी लवकर पाडणारा डबा) चालतो का बघा. हँड पंप लावून ओढा, आतली प्लेट हलली पाहिजे आणि व्हॅक्युम टिकला पाहिजे, नाही टिकला तर डायफ्राम फाटलाय. क्रूझला मिश्रण हळू जळतं म्हणून ठिणगी लवकर द्यावी लागते, व्हॅक्युम नसेल तर टायमिंग ३४-३६ डिग्रीवर अडकतं आणि असेल तर ४८-५० पर्यंत जातं, यात मैल-दीड मैल सहज जातो.

वहिनी_गॅरेज (सॅन होजे)

वरच्या सगळ्याला अनुमोदन. क्वाड्राजेटचं एक सांगते कारण हे कार्ब मी स्वतः खोलून बसवते आणि लोक याला उगाच शिव्या देतात. याचे पुढचे दोन बॅरल बारीक आहेत, हलक्या पायाने चालवली तर हा कार्ब खरं म्हणजे काटकसरीचाच आहे. दोन दुखणी मात्र ठरलेली. एक, फ्लोट फोमचा असतो, वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो आणि मग पातळी वर जाऊन गाडी रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर चालते, तो नवा घाला, वीसेक डॉलरच्या आत येतो. दुसरं, बॉडीच्या तळाला वेल प्लग असतात ते गळतात. रात्रभर गाडी उभी ठेवा, सकाळी चालू न करता कार्ब उचला आणि उलटा न करता खालून बोट फिरवा. प्लगभोवती ओलं लागलं तर ते पेट्रोल रात्रभर थेंब थेंब मॅनिफोल्डमध्येच (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) जातंय. सकाळी चालू व्हायला उशीर लागतो का? लागत असेल तर बहुतेक हेच.

आणि पॉइंट काढून एचईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डिस्ट्रिब्युटर टाका, त्यासाठी इंजिन बदलायला नको. पासिंगची चिंता नको, आमच्या कॅलिफोर्नियात सुद्धा १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) नाही, आणि टेक्सासमध्ये तर २४ वर्षांपुढच्या गाडीला ती लागतच नाही.

सी१०वाला_डॅलस

वहिनी, अगदी बरोबर पकडलंत, सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो. मी आपलं वय झालंय म्हणून सोडून देत होतो. आज रात्री गाडी अजिबात हलवत नाही, सकाळी कार्ब उचलून बघतो.

मिशिगनवाले दादा, गॅलनचा हिशेब बायकोला दाखवला, तिने ९,००० चा विषय तिथेच मिटवला. तरी पण ५.३ चा मोह सुटत नाही, कुणी प्रत्यक्ष चालवत असेल तर सांगा ना.

शार्लटकर

मी चालवतो, ७१ ची शॉर्ट बेड, स्वॅप आधीच्या मालकाने करून घेतलेला. ५.३ एलएम७, लोखंडी ब्लॉक, १९९९ ते २००७ च्या सिल्व्हराडो-टाहोमध्ये यायचा तोच. घेतली तेव्हा लोक म्हणाले १७-१८ देईल आणि देत होती १३. त्याची गोष्ट सांगतो कारण गॅरेजवाले हे कुणी सांगत नाहीत.

स्कॅनर लावला तर चौथ्या गिअरला ६५ ला इंजिन २,३०० च्या वर, यायला पाहिजे २,०५० च्या आसपास. म्हणजे कन्व्हर्टर लॉकच होत नव्हता. ४एल६०ई मध्ये लॉकअपचा हुकूम कॉम्प्युटर देतो आणि तो द्यायच्या आधी त्याला ब्रेक स्विचकडून १२ व्होल्टचा सिग्नल लागतो. ब्रेक दाबला की सिग्नल तुटतो आणि लॉक सुटतो अशी रचना. जुन्या सी१० चा ब्रेक स्विच उलटा, दाबल्यावर करंट देणारा. हार्नेस (वायरिंगचा जुडगा) बसवणाऱ्याने ब्रेक सिग्नलची वायर तशीच मोकळी टेप लावून डॅशमागे कोंबून ठेवली होती, त्यामुळे कॉम्प्युटरला कायम वाटायचं की ब्रेक दाबलेलाच आहे. दोन सर्किटचा स्विच आणला, ती जांभळी वायर जोडली, लॉकअप लागायला लागला. मग कळलं की डाव्या हेडरच्या (एक्झॉस्टच्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून बारीक गळती आहे, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि कॉम्प्युटर लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय असं समजून ते वाढवत होता. तेही केलं आणि थर्मोस्टॅट १६० चा काढून १८६ चा घातला. आता हायवेला १७ देते, शहरात १४.

तेव्हा कुणाकडून करून घेतलंस तरी तीन गोष्टी लिहून घे. लॉकअप लागतोय हे स्कॅनरवर दाखव म्हणावं. स्पीड सेन्सरचा सिग्नल बरोबर येतोय आणि टायर-रेशो कॉम्प्युटरमध्ये भरलाय का ते बघ. आणि पेट्रोलची लाइन नीट कर, कार्बचा पंप ५-७ पीएसआयचा असतो आणि याला ५८ लागतात, तुझी टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच आहे, ५८ पीएसआयची लाइन डोक्यामागे नको. टाकी मागे फ्रेममध्ये न्यायची, पंप टाकीच्या आत. मी तर म्हणेन स्वॅप कर नाहीतर नको करू, टाकी तेवढी मागे ने.

आणि २००७ च्या पुढचं सिलिंडर बंद करणारं इंजिन ॲव्हरेजसाठी म्हणून कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नको, त्याच्या लिफ्टरची दुखणी सगळ्यांना माहीत आहेत.

रंकाळा_गॅरेज

भावांनो एक विचारू का, एवढा खटाटोप करताय तर डिझेल का टाकत नाही? आमच्या कोल्हापुरात जुन्या पेट्रोल जीपा, ते हरिकेन इंजिन असलेल्या, लोकांनी सर्रास डिझेलवर केल्या. प्युजोचं २.१ लिटर डिझेल जे महिंद्रा पण नंतर कंपनीतूनच टाकायला लागली, ते बसवलं की ॲव्हरेज जवळजवळ दुप्पट, मालक खूश. वडिलांनी लई केल्यात अशा. फक्त एक, जीपचा जुना रेशो ५.३८ चा, तो तसाच ठेवला की डिझेल टॉपला पण ओरडत राहतं आणि वाचलेलं निम्मं तिथंच जातं. म्हणून वडील आधी विचारायचे की क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलचा रेशो ठरवणारी दातेरी जोडी) बदलणार का, नसेल बदलायचं तर काम घ्यायचे नाहीत. मिशिगनवाले साहेब म्हणतायत ती चौथ्या गिअरची गोष्ट तीच की. आणि इकडं कुणी वाचत असेल तर, इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद, त्याशिवाय हात लावू नका, इन्शुरन्स क्लेमच्या वेळी अडतंय.

जुनं_लोखंड (मिशिगन)

रंकाळा, तुमचे वडील पक्के माणूस. इथेही लोक करतात, कमिन्सचं ४बीटी, ३.९ लिटर चार सिलिंडर, ब्रेड पोचवणाऱ्या व्हॅनमधून निघालेलं. ॲव्हरेज २० च्या वर नेतात. पण ते इंजिन एकटं सुमारे ३४० किलोचं आणि १०५ हॉर्सपॉवरचं, सी१० च्या पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि केबिन इतकी थरथरते की आरसा दिसत नाही. शिवाय आपल्याकडे जे गणित होतं ते डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त असायचं म्हणून. इथे डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग, त्यामुळे फायद्यातला मोठा तुकडा पंपावरच जातो. मुलीला द्यायच्या गाडीत तर मी नाही टाकणार.

सी१०वाला_डॅलस

अपडेट. सकाळी कार्ब उचलला, दोन्ही मागच्या प्लगभोवती ओलं होतं. आणि व्हॅक्युमचा डबा फाटलेला, पंप मारला की सुई लगेच शून्यावर. म्हणजे आतापर्यंत इंजिनाला दोष देत होतो तो बिचाऱ्याचा नव्हताच. वहिनींना फोटो पाठवलेत, त्यांनी प्लग इपॉक्सीने कसे सील करायचे ते समजावलं. एचईआय आणि फ्लोट मागवलाय. महिनाभर टाकी भरून भरून ॲव्हरेज मोजतो, आणि मग ७००आर४. टाकी मागे न्यायचं काम त्याच्यासोबतच, गाडी वर असेलच. ७००आर४ ला कार्बकडून एक केबल येते म्हणतात, ती जुन्या क्वाड्राजेटला चालते का?

वहिनी_गॅरेज (सॅन होजे)

टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची; पाय किती दाबलाय ते गिअरबॉक्सला कळवते. चालते पण तशीच अडकवायची नाही. ७२ च्या कार्बचा थ्रॉटल लिव्हर वेगळ्या मापाचा आहे, केबल कमी ओढली जाते, आत प्रेशर कमी राहतं आणि तिसऱ्या-चौथ्याचे क्लच थोड्याच दिवसात जळतात. लिव्हरवर बसणारा करेक्टर आणि त्याचाच ब्रॅकेट मिळतो, गिअरबॉक्ससोबतच मागवा. पाय पूर्ण दाबलेला असताना केबल पूर्ण ओढलेली पाहिजे, हे एकाने पेडल दाबून दुसऱ्याने बॉनेटखाली बघून करायचं. मग प्रेशर गेज लावा आणि आकडे इथे टाका, मी बघते, त्याआधी गाडी रस्त्यावर काढू नका.