शब्दचर्चा : ‘गुलाम’ लिहावं की ‘माणसं’?

लेखणीवाली : अमेरिकेच्या दक्षिणेतली, 1861च्या यादवी युद्धाआधीची काही घरगुती पत्रं मराठीत आणते आहे. मळेवाल्या कुटुंबांची. पाऊस कसा झाला, चार्ल्स्टनच्या अडत्याने कापसाला काय भाव दिला, बहिणीचं बाळंतपण, मामाचा ताप, आणि त्याच ओघात कुणाला तरी विकल्याची ओळ. ना वेगळा परिच्छेद, ना उसासा. पण या लोकांच्या घरगुती पत्रांत ‘स्लेव्ह’ हा शब्द फार क्वचित दिसतो. त्याऐवजी ‘सर्व्हंट्स’, ‘हँड्स’, ‘आवर पीपल’, ‘माय फॅमिली, व्हाइट अँड ब्लॅक’. सगळीकडे ‘गुलाम’ लिहिलं तर पत्र खोटं होतं, ‘नोकर’ लिहिलं तर वाचक फसतो. काय करू?

वऱ्हाडी : ‘हँड’ला सरळ ‘गडी’ घ्या. त्यांच्याकडे पूर्ण हँड, अर्धा हँड, पाव हँड अशी मोजदाद असायची. पोरं, म्हातारे, गरोदर बाया अपूर्णांकात. ‘पाव गडी’ मराठीत कानाला खटकत नाही, आणि खटकत नाही हेच भयंकर आहे. ‘आवर पीपल’ला ‘आपली माणसं’. “वेचणीला किती माणसं लावली?” असं आम्ही रोज म्हणतो. सोयरिकीतलीही माणसंच आणि बांधावरचीही माणसंच. इंग्रजी ‘पीपल’मधली चलाखी इथे आयती मिळते.

लेखणीवाली : छान. मग वर्षाच्या बोलीने दुसऱ्याकडे दिलेल्यांना ‘सालगडी’ म्हणू? तिकडे 1 जानेवारीला हा व्यवहार व्हायचा, नाताळापर्यंतच्या मुदतीने. आपल्याकडे पाडवा ते पाडवा.

वऱ्हाडी : नको, तिथेच घसराल. सालगड्याचं साल तो स्वतः ठरवतो. नडलेला असेल, उचल घेतलेली असेल, पण पैसा त्याच्या नावाचा. तिकडे पैसा मालकाला. घेणाऱ्याने काम करून घ्यायचं, कपडे, जोडे, घोंगडी द्यायची आणि वर्षअखेर माणूस परत करायचा. हे ‘भाड्याने दिला’ झालं. बैलजोडीला वापरतो तेच क्रियापद. फ्रेडरिक डग्लसची (गुलामीतून पळून पुढे नामांकित लेखक-वक्ता झाला तो) तऱ्हा आणखी वेगळी : बाल्टिमोरच्या गोदीत जहाजांच्या सांध्यांत काथ्या-डांबर भरायचं काम त्याने स्वतः शोधायचं, खाणंराहणं स्वतः बघायचं, आणि दर आठवड्याला 3 डॉलर मालकाच्या हातावर ठेवायचे. याला मराठीत एक शब्द मला तरी सुचत नाही.

जुनी पोथी : ‘गुलाम’ शब्दाबद्दल थोडं. मूळ अरबीत त्याचा अर्थ पोरगा, पोऱ्या. पत्त्यांतल्या गुलामाला इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणायचे, त्याचाही जुना अर्थ मुलगाच. आणि दक्षिणेत पन्नाशीच्या माणसालाही गोरे ‘बॉय’ म्हणून हाक मारायचे. गुलामचोर खेळताना हे कुणाच्या ध्यानात येतं! म्हणून ‘बॉय’ला ‘मुलगा’ नको, ‘पोऱ्या’ घ्या. हॉटेलात टेबल पुसणारा चाळिशीचा गृहस्थही आपल्याकडे पोऱ्याच असतो.

बायकांसाठी ‘दासी’ टाळा, पुराणातली वाटते. पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या बाईला ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ म्हटलंय. पण ‘कुणबीण’ आज घोळ घालेल आणि ‘बटीक’ शिवी झालीय. तिथे नाइलाज आहे.

शंकासूर : हे सगळे गोड शब्द शोधून आपण मळेवाल्याचीच वकिली करत नाही आहोत का? जोतीरावांनी 1873 साली आडपडदा न ठेवता ‘गुलामगिरी’ म्हटलं आणि पुस्तक अमेरिकेतल्या ती प्रथा मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. आपण ‘आपली माणसं’ लिहायचं?

लेखणीवाली : पत्रात ‘आपली माणसं’, माझ्या प्रस्तावनेत आणि टिपांत ‘गुलाम’. पत्र लिहिणारा काय लपवत होता हे दिसायला हवं, तर त्याचा पडदा मला जागेवर ठेवावा लागेल. 1850 आणि 1860च्या शिरगणतीत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. मालकाचं नाव, खाली वय, लिंग, रंग. माणसांची नावं बहुतेक नाहीतच. 1860 साली अशी 39,53,760 माणसं. नावं सापडतात ती या पत्रांत नि मृत्युपत्रांत, म्हणून तर हा खटाटोप.

शंकासूर : पटलं, अर्धं. मग मृत्युपत्रातल्या ‘विथ हर फ्यूचर इन्क्रीज’चं काय कराल? ‘तिच्या होणाऱ्या संततीसह’ फारच सोज्ज्वळ होतं.

वऱ्हाडी : ‘पुढल्या वेतासह’. गाय देताना आम्ही वेत मोजतो. विक्रीखतातल्या ‘साउंड’ला ‘बिनखोडीचा’, आणि जाहिरातींतल्या ‘लाइकली’ला ‘उमदा’. सगळी बैलबाजारातली भाषा आहे, ती तशीच येऊ द्या.

जुनी पोथी : पत्रांच्या शेवटी ‘हाउडी’ येतं का? त्यावर लिहा ना.

लेखणीवाली : येतं! “सर्व्हंट्स सेंड हाउडी.” मूळ ‘हाउ डू यी’. गुलामांना लिहायला शिकवणं नॉर्थ कॅरोलिनात 1830 पासून गुन्हा, साउथ कॅरोलिनाने 1834 साली कायदा आणखी आवळला. मग ज्याची बायको किंवा आई दुसऱ्या मळ्यावर, त्याने मालकिणीच्या पत्राच्या तळाशी एक शब्द घालून घ्यायचा. मी आधी ‘नमस्कार’ लिहिलं होतं.

वऱ्हाडी : ‘रामराम सांगितलाय.’ दुसरं काही चालणारच नाही.

शंकासूर : ख्रिस्ती माणसाच्या तोंडी रामराम?

वऱ्हाडी : बरं, मग ‘खुशाली विचारलीय’. हाउडीचा मूळ अर्थही तोच. पण ‘विचारलीय’ हवं, ‘कळवलीय’ नको. स्वतःची कळवायला त्या कागदावर जागाच कुठे होती.

लेखणीवाली : घेतलं. ‘आंटी’ आणि ‘अंकल’ उरलेत. वयस्क गुलामांना गोरी मुलं तसं म्हणायची, कारण ‘मिसेस’ आणि ‘मिस्टर’ म्हणायचं नाही. मी ‘मावशी’ लिहिलं, आणि नेमक्या त्या वेळी स्वयंपाकघरातून आमच्या मावशींनी विचारलं, चहा टाकू का.

जुनी पोथी : ‘मावशी’च राहू द्या.

वऱ्हाडी : आणि हो, कापसाचे ‘गठ्ठे’ लिहू नका. गाठी म्हणा, नाहीतर गासड्या.