सेडिमेंट पॉन्ड (गाळ खाली बसवायचं तळं) ड्रॉइंगवर पुरतोय पण पावसात गढूळ पाणी बाहेर जातंय, क्षमता नेमकी कशी धरायची?

डंपपायथा:
ओपनकास्ट कोळसा खाणीत पर्यावरणाचं काम बघतो, अजून नवीनच आहे. ओबी डंप (कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचा ढीग) आणि हॉल रोडचं (डंपरच्या रस्त्याचं) सगळं पाणी गारलँड ड्रेनने (भोवतीने काढलेल्या चराने) एका सेडिमेंट पॉन्डमध्ये येतं आणि तिथून सांडव्यावरून नाल्यात जातं. ड्रॉइंगवर पॉन्डची क्षमता २५,००० घनमीटर, पाणलोट ४० हेक्टर, डिझाइनचा पाऊस २४ तासांत १०० मिमी आणि रनऑफ कोएफिशियंट (पावसातला वाहून येणारा वाटा) ०.६ धरलाय. म्हणजे ४० × १,००० × ०.६ = २४,००० घनमीटर, बसतंय की बरोबर. पण परवा ७० मिमीच पाऊस झाला आणि मध्यरात्रीच सांडवा वाहायला लागला. मी तिथून बाटली भरून आणली आणि ऑफिसच्या खिडकीत ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तळाला बोटभर काळा थर बसलाय पण वरचं पाणी अजून तसंच चहासारखं. खाली त्या नाल्यावर लोक गुरं पाजतात, म्हणून झोप लागत नाहीये. साहेब म्हणतात बांध मीटरभर उंच करू, ओबी पडलाच आहे. हे बरोबर आहे का? कुणी केलंय का?

पाणलोट_हिशेब:
दादा, तुमचा गुणाकार बरोबर आहे पण आकडे जुने असणार. ते ४० हेक्टर कधीचे? डंप दरवर्षी पसरतो, नवा हॉल रोड होतो, ड्रेन लांबवतात आणि ड्रॉइंग मात्र तेच राहतं. आज ड्रेनला कुठून कुठून पाणी मिळतं ते चालत जाऊन बघा आणि मग नकाशावर क्षेत्रफळ काढा. समजा ५८ हेक्टर निघालं तर ७० मिमीलाच २४,००० च्या वर पाणी होतं. दुसरं म्हणजे २५,००० हे रिकाम्या तळ्याचं माप आहे, त्यात गाळ किती साचलाय? आणि पाऊस सुरू झाला तेव्हा आधीच्या पावसाचं पाणी उतरलं होतं का? पाणी बाहेर जायला फक्त सांडवाच असेल तर एका पावसात भरलेला पॉन्ड पुढच्या पावसाला भरलेलाच सापडतो, मग ड्रॉइंगवर काहीही लिहिलेलं असो. तिसरं, खाणीच्या सम्पचा (तळाशी पाणी साचतं त्या खड्ड्याचा) पंप याच पॉन्डमध्ये सोडताय का? ताशी ३०० घनमीटरचा पंप दिवसभर चालला तर ७,२०० घनमीटर होतात, ते त्या हिशेबात कुठेच नाहीत.

संथपाणी:
वरचं सगळं पटलं, पण तुमच्या त्या बाटलीकडे नीट बघा, अर्धं उत्तर तिच्यातच आहे. बोटभर बसलं ते जाड कण, ते कुठल्याही पॉन्डमध्ये बसतात. वर राहिली ती चिकणमाती. स्टोक्सच्या नियमाने कण बसायचा वेग व्यासाच्या वर्गावर असतो, म्हणजे साध्या मातीचा ०.०१ मिमीचा कण संथ पाण्यात मीटरभर खाली जायला साधारण तीन तास घेतो आणि ०.००२ मिमीचा तीन दिवसांच्या वर. कोळशाची भुकटी तर मातीपेक्षा हलकी, ती त्याच आकाराला आणखी हळू बसते. म्हणून नुसते घनमीटर मोजून भागत नाही. बाहेर जाणारा प्रवाह भागिले पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, हा आकडा काढा. ६,००० चौरस मीटरच्या पॉन्डमधून सेकंदाला २०० लिटर जात असेल तर अगदी आदर्श स्थितीतही ०.००६ मिमीपेक्षा बारीक कण पूर्ण अडत नाहीत. आणि पाणी आत येतं ती जागा सांडव्याच्या जवळ असेल तर ते सरळ कडेकडेने निघून जातं, बाकीचं तळं नुसतं उभं राहतं. मध्ये बॅफल (आडवे पडदे) टाकून पाण्याला लांबून फिरवलं तर खूप फरक पडतो. एवढं करूनही चहाचा रंग राहिला तर फ्लॉक्युलंट (बारीक कण एकत्र करून खाली बसवणारं रसायन) लागेल, पण आधी जार टेस्ट करा (बरण्यांत वेगवेगळे डोस टाकून बघा), अंदाजाने डोस टाकू नका. त्यातले कॅटायनिक (धनभारित) पॉलिमर माशांना घातक असतात आणि तुमच्या खाली जिवंत नाला आहे.

बांधतपासनीस:
बांधाबद्दल लिहितो कारण ते वाचून धस्स झालं. ओबी ओतून बांध उंच करू नका, कृपा करून. ओबी एकसारखा नसतो, थरांत दाबलेला नसतो, आत पाणी मुरलं की घसरतो. १९७२ साली वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकला कोळशाच्या टाकाऊ मालाचाच बांध मोठ्या पावसात फुटला आणि १२५ माणसं गेली. तो गाळपाण्याचा बांध होता, तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा, पण माल ओतत जायचं आणि धड सांडवा ठेवायचा नाही ही चूक तीच. उंची वाढवायचीच असेल तर डिझाइन, दाबकाम आणि इमर्जन्सी सांडवा यासकट करा. त्याआधी स्वस्तातलं काम म्हणजे डंपच्या वरच्या बाजूच्या, खाणीने न हात लावलेल्या जमिनीचं स्वच्छ पाणी वेगळ्या चराने बाहेरून काढून द्या, ते पॉन्डमध्ये येऊच देऊ नका. आणि १० वर्षांतून एकदा येणारा पाऊस म्हणजे आपल्या कारकिर्दीत येणार नाही असं धरू नका, १५ वर्षं खाण चालली तर तो निदान एकदा येण्याची शक्यता ७९ टक्के असते.

डंपपायथा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल होडी घेऊन गाळ मोजला. काठीच्या टोकाला थाळीएवढी पत्र्याची चकती लावली, नाहीतर काठी मऊ गाळात घुसत जाते आणि खोली जास्त दिसते. पाणी आत येतं तिथे २.१ मीटर गाळ, सरासरी १.६, म्हणजे ६,००० चौरस मीटरवर ९,६०० घनमीटर गेलेच. पाणी उतरवायचा पाईप आहे, पण त्याचं तोंड गाळात गाडलं गेलंय, म्हणून सांडव्याच्या पातळीपर्यंत पाणी कायम उभं. पाणलोट ५५ हेक्टरच्या आसपास येतोय. सम्पचा पंपही इकडेच आहे, तो पाऊस चालू असताना बंद ठेवायला आज शिफ्ट इन्चार्जना लेखी दिलं. पाईपचं तोंड मोकळं केल्यावर वरच्या थरातलंच पाणी घेईल असं तरंगतं तोंड बसवायचं म्हणतोय. @संथपाणी, जार टेस्टसाठी पाणी आत येतं तिथलं घेऊ की सांडव्याजवळचं?

संथपाणी:
सांडव्याजवळचं घ्या, जाड कण आधीच बसलेले असतात तिथे. आणि पाऊस पडत असतानाच घ्या, दुसऱ्या दिवशीचं नको.