सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

'फाइली क्लाउडवर आपोआप सिंक होतात, मग वेगळा बॅकअप कशाला?' असा प्रश्न पडतो, त्याबद्दल. सिंक म्हणजे लॅपटॉप आणि क्लाउड (इंटरनेटवरची साठवण) दोन्हीकडे सारखंच ठेवणं, म्हणून लॅपटॉपवर फाइल चुकून डिलीट झाली की ती क्लाउडवरूनही जाते. रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) बिघडवलेली फाइलही तशीच क्लाउडवर चढते. जुन्या आवृत्त्या मिळतात, पण बहुधा ठरावीक दिवसच. म्हणून बॅकअपचा ३-२-१ नियम पाळाच: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. आणि काम झालं की बॅकअपची बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तीही रॅन्समवेअरच्या तावडीत सापडते.

मी दोन वर्षं नेमाने बॅकअप घेत होतो. लॅपटॉप बंद पडल्यावर कळलं, वडिलांच्या कागदपत्रांचा फोल्डर त्यात कधी घातलाच नव्हता. फार लागलं ते. आता दर महिन्याला एखादी फाइल बॅकअपमधून काढून, उघडून बघतो.

पेपरलेसचं, म्हणजे कागद स्कॅन करून ठेवण्याचं म्हणाल तर ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन, ओसीआर (चित्रातली अक्षरं शोधता येईल अशा मजकुरात बदलणं), आणि पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार). त्यात फॉन्ट फाइलीतच असतात, त्यामुळे वीस वर्षांनीही कागद तसाच दिसावा. नाव '२०२४-०३-१५_विमा' असं, वर्ष आधी, म्हणजे क्रम आपोआप लागतो. सही-शिक्क्याचे मूळ कागद मात्र कृपा करून फाडू नका.